उघाडीवरची पांढरी रेघ

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गटाराच्या पाण्यात बोट बुडवून ते चाटत होते.

मी खोली बघायला आले होते. एका हातात बॅग, खांद्याला पत्रकांचा गठ्ठा. गल्लीच्या तोंडाशी उघडं गटार आणि त्याच्या काठावर बनियन घातलेला, टॉवेल गुंडाळलेला, पंचाहत्तरीकडे झुकलेला एक माणूस उकिडवा बसलेला. त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले, बाजूला थुंकला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अर्धं खारं. फली नीट बसली नाय."

मी तोंडावर ओढणी धरून विचारलं, "इथे भाड्याने खोली आहे ती कुणाकडे?"

"माज्याकडं," तो म्हणाला, आणि तेच बोट टॉवेलला पुसून त्याने माझी बॅग उचलली.

पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला ती गल्ली आहे. जुनी कौलारू घरं पाडून त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती झाल्या, पण गल्लीची रुंदी बैलगाडीचीच राहिली. गल्ली संपते तिथे मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार. दोन्ही बाजूंच्या दगडांना उभ्या खाचा. भरती यायच्या आत त्या खाचांतून लाकडी फळ्या एकावर एक खाली सोडायच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की फळ्या उपसायच्या, म्हणजे आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. हे काम नक्की कोणत्या सरकारी खात्याचं, यावर बरीच वर्षं कागद फिरत होते. तोवर ते आबा करत होते. रोज. दिवसातून दोनदा भरती, म्हणून दोनदा.

घड्याळ ते वापरत नसत. पंचांगातली तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. "सप्तमी. सात पाऊन सव्वापाच," असं पुटपुटत ते जिना उतरायचे. खाडीच्या आत आमच्यापर्यंत पाणी पोचायला आणखी पाऊण तास धरायचा. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून त्यांच्याशी ताडून पाहिलं होतं, त्यांना खोटं पाडायच्या इराद्याने. पाच-दहा मिनिटांचा फरक निघाला. आबा म्हणाले, "तुजा फोन मागं हाय."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आई ओट्यावर बसून त्यांच्या घड्या घालायची, आणि मला अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या तीन शब्दांवर. माणसाला खरं सांगितलं की माणूस हलतो, हे मला आईच्या दुधातून मिळालेलं. पनवेलला एका छापखान्यात नोकरी धरली तीही त्यासाठीच. दिवसभर लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायची आणि उरलेल्या कागदावर आमच्या सात-आठ जणांच्या गटाची पत्रकं छापून घ्यायची. तापलेली पृथ्वी, चढणारा समुद्र, तोडलेली तिवरं. मी मांसाहार सोडला होता, विमानात कधी बसणार नाही अशी शपथ घेतली होती (कुणी बसवतही नव्हतं), आणि जो माणूस ऐकेल त्याला ऐकवत होते.

अशा माझ्या वाट्याला घरमालक आला तो सकाळी आंघोळीचं पाणी दुधाच्या पिशव्या जाळून तापवणारा.

"आबा, विष आहे तो धूर!"

"मंग पिशवी कुठं टाकू? गटारात? गटारातून उघाडीवर जाते, खाचेत बसते. जालली की गेली."

मी प्लास्टिकवर अर्धा तास बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि जळत्या चुलीत आणखी एक पिशवी सारली. मात्र याच माणसाने मुलाने बसवून दिलेला एसी एकदाही लावला नव्हता. त्याच्यावर पंचांगं ठेवली होती. भाडेकरूंच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर ते आत जाऊन बंद करायचे आणि वर ओरडायचे, "भिंतींना गरम व्हतंय का?"

एकदा आमच्या गटाची प्रश्नावली घेऊन मी त्यांच्यापुढे बसले. हवामान बदलतंय हे तुम्हाला पटतं का? उत्तरं तीन. पटतं, पटत नाही, सांगता येत नाही.

"चौथं लिव," आबा म्हणाले. "वेल नाय."

"आबा, समुद्र वाढतोय. तुम्ही रोज उघाडीवर जाता, तुम्हाला दिसत नाही?"

"चल," ते म्हणाले, आणि मला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. उघाडीच्या बाहेरच्या दगडावर चुन्याची ठसठशीत पांढरी रेघ होती. भरती पूर्ण भरलेली, आणि पाणी त्या रेघेच्या चार बोटं खाली. "ही रेघ माज्या बापानं काढलेली. पानी रेघेच्या खाली हाय ना? मंग? वाडला कुठं तुजा समुद्र?"

ती रेघ सगळ्या गल्लीला पाठ होती. पावसाळ्यात कुणी घाबरलं की दुसरा म्हणायचा, "रेघ बघून आलोय, खाली आहे." आणि लोक निवांत टीव्ही लावायचे.

माझ्या पत्रकांबद्दल मात्र आबांना फार प्रेम होतं. दर महिन्याला ते स्वतः येऊन विचारायचे, "नवीन आलं का गं बाय? जास्त दे." मी पन्नास दिली तर शंभर मागायचे. आईला मी फोनवर अभिमानाने सांगितलं होतं की इथे एक अडाणी म्हातारा माणूस आमचा सगळ्यात मोठा प्रचारक आहे. मग एका ओहोटीला मी बांधावर गेले आणि पाहिलं. आबा माझी पत्रकं बादलीत भिजवून, चिखलात कालवून, तो लगदा दोन फळ्यांमधल्या फटीत अंगठ्याने दाबून बसवत होते. 'जागे व्हा' एवढी अक्षरं एका फटीतून बाहेर डोकावत होती.

मी बादलीत वाकून पाहिलं.

"तुज्या पत्रकांनी पानी अडतंय, बाय," आबा मनापासून म्हणाले. "खोटं नाय सांगत. पेपरापेक्षा तुजा कागद चांगला."

त्या रात्री मला रडू आलं. पत्रकं देणं मात्र मी थांबवलं नाही.

त्यांची बायको, मी तिला मावशी म्हणायचे, दारात सुकट निवडत बसलेली असायची आणि नवऱ्यावर तिची नजर असायची ती पोलिसासारखी. तिला मी विचारलं, "मावशी, आबांना खरंच वाटतं समुद्र वाढत नाही?"

"त्यांनी मानलं ना बाय," ती सुकट पाखडत म्हणाली, "तर सकाली उठून जातील कुठं?"

मी वहीत हे वाक्य लिहून ठेवलं होतं. कळलं मात्र नव्हतं.

दुसरा धक्का मला त्यांच्याच दारात बसला. खाडीला लागून, बांधापलीकडे, एका जुन्या मिठागरावर भराव पडत होता. डंपर यायचे, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओतायचे. तिवरं खाली गाडली जात होती, खाडीचा गळा आवळला जात होता. आम्ही सह्यांची मोहीम काढली. पहिली सही आबांची हवी असा माझा हट्ट. उघाडी सांभाळणाऱ्याची सही, तिचं वजन वेगळं.

आबांनी कागद लांब धरून वाचला. मग मला परत दिला.

"ही सही मना नाय जमनार. जागा माजी. मीच दिली."

बाजूला कुकरची शिट्टी झाली ती मला आजही ऐकू येते.

"तुम्ही? तुमचं मिठागर?"

"बापाचं. मीठ कोन घेतं आता? पोराला खारघरला फ्लॅट घ्यायचा व्हता, बेलपाड्याला. दिली."

"आणि रोज दोनदा उघाडीवर जाता! आबा, त्या भरावामुळेच पाणी चढणार आहे. एका हाताने खाडी बुजवायची आणि दुसऱ्या हाताने दार लावायचं? मग ती उघाडी तरी कशाला सांभाळता? ती पण विका!"

मी ओरडत होते. समोरच्या घरातले भाऊ, गल्ली त्यांना भाऊच म्हणायची, गॅलरीत आले होते. आबांना राग आला नाही. त्यांना माझा प्रश्नच समजला नाही असं त्यांचा चेहरा सांगत होता.

"ती कशी इकू?" ते म्हणाले. "मिठागर माजं व्हतं. उघाडी गावाची हाय."

त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. भाड्याचे पैसे मावशीच्या हातात द्यायचे आणि मान वळवायची. आबांनी ते लक्षातच घेतलं नाही. येता-जाता बोलत राहिले. एकदा माझ्या दारावरच्या पत्रकात त्यांनी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचा उल्लेख वाचला आणि उंबऱ्यावर येऊन बसले.

"माजा आजा गेलता चिरनेरला. कोयता घेऊन."

राग विसरून मी वही घेतली. "का गेले ते? कुणाचं भाषण ऐकून? पत्रक वाचून?"

"आज्याला वाचता येत नव्हतं. तो सांगायचा, शेजारचा निगाला म्हनून मी निगालो. शेजारचा का निगाला? त्याच्या शेजारचा निगाला म्हनून."

"आणि सगळ्यात पहिला कोण निघाला?"

आबा हसले. "ते आज्याला ठावं नव्हतं. बोलायचा, माज्या दारावर जो आला तो बोलला, सगले निगालेत."

त्याच बैठकीत त्यांनी मला घरटी एकची रीत सांगितली. त्यांच्या लहानपणी बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्याने बांध फोडला, की एक माणूस गावात हाक देत फिरायचा: "घरटी एक!" प्रत्येक घरातून एक माणूस बाहेर. जेवत असेल तर हात न धुता. जो आला नाही त्याच्या घरी वर्षभर कुणी लग्नाचं बोलवायला जायचं नाही. "शेवटची हाक मी पंचवीस वर्सांपूर्वी दिलेली," आबा म्हणाले. "आता लागत नाय. रेघ हाय."

मग ती गटारी आली.

आषाढातली अमावस्या, त्यात रविवार. श्रावण लागण्याआधीचं शेवटचं मटण. तीन दिवस पाऊस धरलेला, तरी मटणाच्या दुकानापुढे छत्र्यांची रांग मासळी बाजारापर्यंत. दहा वाजल्यापासून गल्लीभर मसाल्याचा वास आणि कुकरच्या शिट्ट्या. वरच्या मजल्यांवर बाटल्या उघडल्या होत्या. अमावस्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा, वर पाऊण तास. बाराला भरती. वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक.

अकराला माझ्या दारावर काठी वाजली. तळमजल्याची मी, म्हणून पहिलं दार माझं. आबा नखशिखांत भिजलेले.

"बाय, चल. खाचेत गोनी अडकलीय, फली बसत नाय. मानसं लागतील."

"आलेच आबा. दोन मिनिटं."

ते पुढे गेले. "घरटी एक! घरटी एक मानूस या रे!" पावसात ती हाक मला स्वच्छ ऐकू येत होती, आणि लोकांची उत्तरंही.

"आबा, दोन शिट्ट्या राहिल्यात, खाऊन येतो," हे समोरचे भाऊ.

"मी ग्रुपवर टाकलंय, वॉर्डातल्या साहेबांना कळवलंय, येईल त्यांचा माणूस."

"रेघेच्या वर गेलंय का? नाही ना? मग कशाला आरडताय, आबा!"

आणि जवळजवळ प्रत्येक दारात एक प्रश्न: "बाजूवाले गेले का?"

आबा खोटं बोलले नाहीत. "नाय," ते प्रत्येक दारात म्हणाले. "अजून कोन नाय."

"मग ते निघाले की हाक मारा. आलोच."

मी काय करत होते? मला अंडी-मटणाचं काही नव्हतं. माझी कुठली शिट्टी राहिली नव्हती. मी गल्लीच्या ग्रुपवर लिहीत होते. 'समुद्र आपल्या दारात आला आहे. आता तरी जागे व्हा.' खाली आणखी चार परिच्छेद. 'भराव' शब्द दोनदा आला होता, एकदा काढला. मग पाठवलं. लगेच अंगठे यायला लागले. जोडलेले हात. 'अगदी खरं ताई.' 'प्रशासन झोपलंय का?' मी ते वाचत होते आणि माझ्या पायाला गार लागलं.

पाणी उंबऱ्यावरून आत आलं होतं. काळं, आणि त्यात मसाल्याचा वास. मी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. का लावलं, मला माहीत नाही.

पूर्ण खारं होतं.

मी बांधापर्यंत पोचले तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. उघाडीवर दोनच माणसं होती, आबा आणि मावशी. फळी अर्ध्यात तिरकी अडकलेली आणि तिच्या वरून, खालून, बाजूने खाडी आत कोसळत होती. मावशीने आबांचा उजवा हात आपल्या पदरात गुंडाळून छातीशी घट्ट धरला होता. पदर लाल होत चालला होता. दोघांनी मिळून फळी दाबली होती, ती घसरली आणि दगड आणि लाकूड यांच्यामध्ये त्यांची दोन बोटं सापडली.

आबांनी मला पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "आलीस? आता नको. आता गेलं."

गल्लीत दुपारभर कमरेएवढं पाणी होतं. मटणाची पातेली तरंगत होती. कुणी दगावलं नाही. पण तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंची दोन्ही मशीनं गेली, आणि आबांची दोन बोटं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी उघाडीवर गेले. पुरात वाहून आलेलं लोखंडी पिंप बाहेरच्या दगडावर रात्रभर घासलं होतं आणि दगडावरच्या रंगाचे पापुद्रे निघाले होते. पांढऱ्या रेघेच्या खाली दुसरी रेघ होती, करड्या रंगाने झाकलेली. तिच्या खाली तिसरी. मी नखाने खरवडत खाली गेले. पाच रेघा. सगळ्यात खालची, बापाने काढलेली असावी ती, वरच्या रेघेपेक्षा हातभर खाली होती. त्यात समुद्र किती आणि भरावाने अरुंद झालेली खाडी किती, मी सांगू शकत नाही. पण पाणी एकूण किती चढलं ते आबा सांगू शकत होते. पाणी चढेल तशी रेघ वर सरकवत होते. या गल्लीत समुद्र किती वाढला हे ज्या एका माणसाने स्वतःच्या बोटांनी मोजून ठेवलं होतं, तोच मला म्हणत होता, वाडला कुठं तुजा समुद्र?

मी तशीच चिखलाच्या पायांनी वर गेले. मुलगा आला होता, सामान बांधत होता. आबांना बेलपाड्याला नेणार होता, अकराव्या मजल्यावर.

"तुम्ही आम्हाला फसवलंत," मी म्हणाले. "सगळ्यांना. रेघ वर घेत राहिलात."

आबांनी नाकारलं नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. "भ्यालेलं मानूस इकून जातं, बाय. ज्याला भ्या नाय ते ऱ्हातं. उघाडीला ऱ्हानारी मानसं लागतात."

"राहिली ना! राहिली, पण आली का?"

त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "हां," ते म्हणाले. "ते चुकलं."

मला वाटलं मी जिंकले. तेवढ्यात मावशीने हातातलं बोचकं खाली ठेवलं. "आनि हिच्या पत्रकांनी कोन आलं, विचारा तिला. शंबर-शंबर दिली ना? कोन आलं?" मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "आनि तू तरी कुठं आलीस, बाय? पयलं दार तुजं व्हतं."

"ए, गप," आबा म्हणाले.

पण ते बोलून झालं होतं. मी जिना उतरले.

पंधरा दिवसांनी नारळी पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा, वर पाऊण तास. फळ्या एकटीने बसवायला मी शिकले होते, पण मोठ्या भरतीच्या नाही. आदल्या दिवशी मी पत्रक लिहायला बसले होते. 'बंधूंनो आणि भगिनींनो' एवढं लिहिलं आणि पुढचं सुचलं नाही.

साडेदहाला मी समोरच्या भाऊंचं दार वाजवलं. आतून नारळीभाताचा वास येत होता.

"भाऊ, उघाडीवर चला. घरटी एक."

त्यांनी मान बाहेर काढून गल्लीत पाहिलं. "बाजूवाले गेले का?"

खोटं बोलायचं नाही, हे माझ्या घरात भिंतीवर लिहिलेलं होतं. मी आयुष्यात छापखान्याच्या मालकालाही खोटं कारण दिलं नव्हतं.

"कधीच," मी म्हणाले. "तुम्हीच राहिलात."

भाऊंनी चपला घातल्या. मी बाजूच्या दारावर गेले. "समोरचे भाऊ निघालेत," मी म्हणाले, आणि भाऊ खरंच रस्त्यात छत्री उघडत उभे होते. तिसऱ्या दारात मला काही बोलावंच लागलं नाही. शिंपीणबाई आधीच पदर खोचून बाहेर आल्या होत्या आणि भाऊंना म्हणत होत्या, "आज शिट्ट्या नाही का राहिल्या?"

फळ्या बसल्या. शेवटच्या फटीत मी माझी उरलेली पत्रकं चिखलात कालवून दाबली. भरती चढत आली, रेघेला टेकली, रेघेच्या वर गेली, आणि फळ्यांच्या कडेशी येऊन थांबली. सगळे त्या रेघेकडे बघत होते. पाण्याखालची रेघ त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

फोन वाजला. बेलपाड्याच्या खिडकीतून डोंगर दिसतो, खाडी नाही.

"पानी?" आबांनी विचारलं.

"रेघेच्या वर. चार बोटं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"मानसं?"

मी वळून मोजली. "नऊ."

"घरटी?"

"घरटी एक."

पलीकडे फरशीवर काठी वाजली.

"मंग चुना घे," आबा म्हणाले, "आनि ओहोटीला खालच्या सगल्या रेघा रंगव. बगू दे त्यांना."